कोळसा खाणीचा रेल्वे देखावा, जागा ८ बाय ३ फूट. जमन का?

पऱ्हाटीवाला (वणी तालुका)

राम राम मंडळी. इथं रेल्वे मॉडेलवाले लोक दिसले म्हणून विचारून राहिलो. आमचं गाव वणीच्या अलीकडे, तीन दिशेला खाणी अन् चवथ्या दिशेला वावर. दरवर्षी गणपतीत तोच कैलास पर्वत अन् तेच मंदिर, यंदा पोरायनं ठरवलं का देखावा आपल्या इथलाच करायचा, म्हणजे ओपनकास्ट (उघडी) खाण, डंपर, साइडिंग (कोळसा भरायचा बाजूचा रूळ), मालगाडी भरून निघते अन् पॉवर हाऊसले जाऊन खाली होते, सगळं चालतं पाहिजे. गणपती झाले का तेच उचलून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवू म्हणून सर म्हणतात.

सामान असं आहे का मावसभावानं त्याचा जुना एचओ मापाचा मॉडेल रेल्वेचा सेट दिला, गोल रूळ, एक विलायती डिझेल इंजिन, चार डबे, एक कंट्रोलर. सुतार घरचाच आहे (चुलतभाऊ), प्लाय वर्गणीतून येईन. मंडपात जागा ८ बाय ३ फूट धरली आहे.

आता अडचणी. एक तर वॅगनीत कोळसा भरतानी कसा दाखवायचा, खरा चुरा वरून टाकला तर पोट्टे खुश होतीन पण रुळाचं काय होईन? खाण किती खोल करायची? बॉक्सएन वॅगन (वरून उघडी, कोळशाची) कुठं भेटते का घरीच बनवा लागन? अन् आमच्या इकडं लाइन (वीज) कधी जाईन त्याचा नेम नाही, आरतीच्या टायमाले तर हमखास. ज्यायनं असं काही केलं असन त्यायनं सांगा, लय बारीक इंग्रजी व्हिडिओ पाहून डोकं दुखून राहिलं.

उमरेड_लाईन (नागपूर)

विषय भारी घेतलात भाऊ. खाणीचे लेआउट परदेशात खूप होतात, आपल्याकडे एवढ्या खाणी असून कोणी करत नाही.

पहिले जागेचं बोलू कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. एचओ म्हणजे १:८७, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. बॉक्सएन वॅगन कपलरसकट १० मीटर ७१ सेंटीमीटर, ती तुमच्या टेबलावर १२३ मिलिमीटरची होते. खरी रेक (अख्खी मालगाडी) ५८ वॅगनची, म्हणजे नुसत्या वॅगनीच ७ मीटरच्या वर, २३ फूट. मंडप अख्खा त्यातच जाईल. म्हणून रेक दहा-बारा वॅगनची करा, दीड मीटर होते आणि बघणाऱ्याला लांब वाटते, कारण डोळा वॅगन मोजत नाही, इंजिन इकडे आणि शेवटचा डबा तिकडे एवढंच बघतो.

तसंच खोलीचं. खाणीचा एक बेंच (पायरी) १० मीटर उंच धरला तर तो साडेअकरा सेंटीमीटर होतो. ६० मीटर खोल खाण स्केलमध्ये काढायला गेलात तर ६९ सेंटीमीटर, टेबलाचे पाय संपतात तिथे. खाण पूर्ण करूच नका. टेबलाच्या एका कोपऱ्यात तीन बेंच कापा, खालचा काळा ठेवा, बाकीची खाण मागच्या पडद्यावर रंगवा आणि पडद्याला टेकून अगदी छोटे डंपर ठेवा, एन स्केलचे म्हणजे १:१६० चे. पुढे मोठा डंपर मागे छोटा, आपोआप दूर वाटतं.

आता भरण्याचं. खरा चुरा वरून टाकू नका. कोळशाची भुकटी रुळावर पडली की करंट तुटतो, चाकांत बसली की इंजिन अडकतं आणि संध्याकाळी गर्दीच्या टायमाला तुम्ही टूथब्रश घेऊन टेबलाखाली. याच्यावर एक जुनी युक्ती आहे, तिकडचे लोक खाणीच्या लेआउटला सर्रास वापरतात. टेबलाच्या मधोमध लांबीच्या दिशेनं एक उभा पडदा लावायचा. एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला पॉवर हाऊस. पडद्याच्या एका टोकाला खाणीकडून सायलो (वरून वॅगनीत कोळसा सोडायचं उंच टाकं) आणि पाठीला पाठ लावून पॉवर हाऊसकडून कोळसा उतरवायची शेड, आणि आतून दोन्ही आरपार मोकळं. दुसऱ्या टोकाला रस्त्याचा उड्डाणपूल, त्याच्या खालून गाडी पडद्यापलीकडे जाते.

आता दोन रूळ घ्या, एकात एक. बाहेरच्या रुळावर कायम भरलेली रेक, आतल्यावर कायम रिकामी, दोघी उलट दिशेनं. खाणीकडून बघणाऱ्याला काय दिसतं? रिकामी गाडी सायलोत शिरली आणि थोड्या वेळानं भरलेली बाहेर आली. पॉवर हाऊसकडच्याला दिसतं भरलेली शेडमध्ये गेली, रिकामी निघाली. कोळशाचा कण हलला नाही. पॉईंट (रूळ बदलायचा सांधा) नको, शंटिंग नको, प्रत्येक गाडी दिवसभर आपापल्या दिशेनं फिरत राहते, पोरगं बसवलं तरी चालवेल. तुमच्याकडे एकच इंजिन आहे म्हणालात, दुसरं लागेल, तेवढी वर्गणी करा.

आणि देखाव्यात लोक तसेही एका बाजूनं आत येऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात ना, टेबल भिंतीला लावू नका, मंडपाच्या मधोमध ठेवा, रांगच खाणीकडून पॉवर हाऊसकडे फिरेल.

फक्त ३ फुटात हे बसत नाही. सेटचे वळणाचे तुकडे बहुतेक ३७१ मिमी त्रिज्येचे असतील, बाहेरच्या रुळाला ४३८ चे घ्यावे लागतील. त्याचा व्यासच ८७६ आणि ३ फूट म्हणजे ९१४, रुळाच्या कडेला बोटभर जागा उरत नाही, गाडी पडली की थेट जमिनीवर. ८ बाय ४ करा. प्लायची शीट तशीही ८ बाय ४ चीच येते. सहा चाकांच्या दोन बोग्यांचं इंजिन असेल तर ते बाहेरच्या रुळावरच चालवा, आतल्या वळणावर कुरकुरतं.

साइडिंगवाले काका (घुग्घुस)

वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) साइडिंगवर नोकरी केली, आता रिटायर. वरच्या भाऊंची युक्ती वाचून मजा आली, पण दोन गोष्टी खटकल्या त्या सांगतो, नाहीतर आमच्या इकडचं पब्लिक तुमाले तिथंच पकडन.

सायलो कधी वळणावर नसते. सायलोखालून गाडी थांबत नाही, सरकत राहते, ताशी एखादा किलोमीटर, माणूस बाजूनं रमतगमत चालला तरी पुढं जाईन. वरून गेट उघडते, मापात कोळसा पडते, पुढची वॅगन खाली येते. तासाभरात रेक भरून निघते. पेलोडरनं भरतो तवा त्याच रेकले कितीतरी जास्त वेळ लागते, तिथं साइडिंगच्या कडेनं कोळशाचा ढीग अन् पेलोडर बकेट भरभरून टाकत राहते. म्हणून सायलोचं तोंड सरळ रुळावर येऊ द्या, मागचं वळण पाहिजे तर कन्व्हेअरच्या गॅलरीनं नाहीतर पत्र्याच्या शेडनं झाका. सायलोच्या पुढं वजनकाट्याची खोली करा, बारकी, खिडकीवाली. चालत्या गाडीचं वजन होते तिथं. ती खोली नसन तर आमच्यासारख्याले चैन नाही पडत.

दुसरं, पॉवर हाऊसकडचं. बॉक्सएन वॅगन खाली होते टिपलरवर. वॅगन क्लॅम्पमध्ये धरते अन् अख्खी उलटी करते. तिथून इंजिन आरपार नाही जात, वॅगनी ढकलून एकेक आत घेता. तुमच्या देखाव्यात तर इंजिनसकट गाडी शेडमधून निघून राहिली. मग टिपलर म्हणू नका, ट्रॅक हॉपर करा. ट्रॅक हॉपरवर इंजिन गाडी घेऊन वरून निघून जाते, खाली रुळाच्या मधात जाळी अन् मोठा खड्डा, वॅगनीचे खालचे दरवाजे हवेच्या प्रेशरनं उघडता अन् कोळसा सगळा खाली. पण त्याले वॅगन बीओबीआर लागते, तिचं पोट खाली निमुळतं असते, बॉक्सएनसारखा सरळ डबा नाही. पाहून घ्या काय झेपते ते.

अन् डंपर. १०० टनी डंपर जवळपास १० मीटर लांब असते, म्हणजे वॅगनीएवढंच, अन् रुंदी पाच मीटरच्या वर. त्याच्या टायरचीच उंची पावणेतीन मीटर. बाजारातलं पिवळं खेळणं घेतानी टायर मोजा, ३० मिमीच्या आसपास असन तर घ्या, नाहीतर ते गावातल्या मुरुमाच्या टिप्परसारखं दिसन.

पऱ्हाटीवाला

काका पाया पडतो, असं कोणी सांगतच नाही. उमरेडवाले भाऊ, पडद्याची आयडिया मंडळात सांगितली, पोट्टे नाचले. जागेसाठी अध्यक्षाले पटवून राहिलो, प्रसादाचं टेबल हलवलं का ४ फूट निघते.

वॅगन बीओबीआर का बॉक्सएन यावर मात्र दोन पार्ट्या पडल्या. सुतार म्हणते डबा सोपा, तिरकं पोट नाही जमत. एकजण म्हणते थ्रीडी प्रिंट करून आणू. चोवीस वॅगनी आहेत बावा, कोण देईन पैसे.

चिखला_जी (तुमसर)

नमस्कार जी. मी भंडाऱ्याकडचा, आमच्याकडे मँगनीज. माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. कोळसा तर सगळेच दाखवतील, काळं म्हणजे काळं. आमच्या तुमसर तालुक्यातच मॉईल या मँगनीज कंपनीच्या दोन खाणी बघा, डोंगरी बुजुर्ग उघडी आणि चिखला जमिनीखालची, दोन्ही प्रकार शेजारी शेजारी. डोंगरीचं मँगनीज तर कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं, टॉर्चमध्ये असतो ना तो सेल. हे पोरांना सांगितलं की विज्ञान प्रदर्शनात बक्षीस पक्कं!

आणि गाडी नॅरो गेजची ठेवा. आपल्या विदर्भाची नॅरो गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी, शकुंतला रेल्वे त्याच मापाची होती. ७६२ ला ८७ नं भागा, पावणेनऊ मिमी येते, आणि एन स्केलचा रूळ बाजारात ९ मिमीचा मिळतो. म्हणजे रूळ एन चा आणि डबे एचओ चे, माप जवळपास तंतोतंत. ब्रॉड गेजचं तसं नाही जी, १६७६ ला ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस येते आणि तुमचा रूळ साडेसोळाचा. म्हणजे तुमची मालगाडी मुळातच विलायती रुळावर उभी आहे. नॅरो गेजला वळणही छोटं चालतं, ३ फुटात मजेत बसेल, अध्यक्षाशी भांडण नको. इंजिन बघायचं असेल तर नागपूरला मोतीबागच्या नॅरो गेज म्युझियमला जाऊन या, माप घ्या, फोटो काढा.

उमरेड_लाईन

चिखलाजी, हिशोब सोळा आणे बरोबर आहे आणि मलाही नॅरो गेज जास्त आवडते. पण यांच्याकडे एचओचा सेट हातात आहे, गणपती तोंडावर आहे, आणि गावातल्या माणसाला त्याच्या फाटकावरून रोज जाते ती गाडी बघायची आहे. रुळाच्या पावणेतीन मिमीच्या फरकानं देखाव्यात कोणाला काही कळत नाही, वॅगनची बॉडी ३७ मिमी रुंद धरा, डोळा बॉडी बघतो. दोन्ही करायचं असेल तर खाणीच्या पडद्याजवळ ९ मिमीच्या रुळाचा एक तुकडा टाका, जुनी अंडरग्राउंड खाण म्हणून, त्यावर तीन-चार टब (कोळशाचे छोटे डबे) उभे. चालवायचे नाहीत.

वॅगनीबद्दल. बॉक्सएनच करा. शेडच्या तोंडावर आत अंधार ठेवा, काळा कापडी पडदा लोंबवा, मग आत टिपलर आहे की हॉपर कोण बघायला जातंय. काका माफ करतील.

बॉडी जाड पुठ्ठ्याची चालते, आइवरी शीट असेल तर दोन थर चिकटवा, बाहेरून उभ्या पट्ट्या. लांबी बफर-कपलर सोडून थोडी कमी धरा, उंची रुळापासून ३७ मिमी. चाकं मात्र बनवायच्या भानगडीत पडू नका, ती विकतच घ्या, कपलरही. पुठ्ठ्याची वॅगन हलकी होते आणि हलकी वॅगन वळणावर आत ओढली जाऊन पडते. अमेरिकेत एनएमआरए म्हणून मॉडेलवाल्यांची संस्था आहे, त्यांचा हिशोब एचओसाठी १ औंस आणि वर दर इंचाला अर्धा औंस. तुमच्या वॅगनीला ते १०० ग्रॅमच्या जवळ जातं. एवढं नको, बारा वॅगनी आहेत आणि वळणं तंग, ६०-७० वर थांबा, पण सगळ्या वॅगनी सारख्या वजनाच्या हव्यात. लोखंडी वॉशर तळाशी चिकटवा, शक्य तितके खाली.

फळा_आणि_खडू (वरोरा)

मी चित्रकला शिकवते, रूळ-इंजिनातलं मला काही कळत नाही पण मुलांकडून असे प्रकल्प खूप करून घेतलेत म्हणून रंग-मातीचं सांगते.

एक तर थर्माकोल वापरू नका. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि शाळेत तर मुळीच नेऊ नका. कागदाचा लगदा, पुठ्ठ्याचे खोके, जुनी पोती आणि पीओपी, यात अख्खी खाण होते. पोतं पातळ पीओपीत बुडवून पुठ्ठ्याच्या बेंचवर टाकलं की आपोआप दगडासारखं पडतं. पण पावसाळ्यात पीओपी वाळत नाही लवकर, जाड थर दिला तर आठवडाभर ओलाच राहतो आणि खालचा प्लाय फुगतो. प्लायला दोन्ही बाजूंनी आधी प्रायमर मारून घ्या, खालच्या बाजूलाही, तिथेच सगळे विसरतात.

सगळी खाण काळी रंगवू नका हो! खाणीच्या कडेला उभं राहून बघितलंत ना कधी? कोळसा सगळ्यात खाली असतो. वर आपली काळी माती, तिच्याखाली कामठीचा वालुकाश्म, पिवळा आणि कुठे कुठे तांबूस, मग बराकरचा करडा थर आणि त्यात कोळसा (कामठी, बराकर ही खडकाच्या थरांची नावं). वर्धा खोऱ्यात बहुतेक असंच आहे. हा पिवळा-तांबूस पट्टा नीट आला की लांबून कोणीही म्हणेल ही आपली खाण. ओबीचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे) ढीगही त्याच मिश्र रंगाचे, आणि जुन्या ढिगावर बाभळी आणि गवत. बाभळीला पऱ्हाटीच्या बारीक फांद्या घ्या, त्यावर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा.

कोळसा खराच वापरा, रंगवलेला खोटा दिसतो, खऱ्याला ती चमक असते. कापडात बांधून कुटा, चहाच्या गाळणीनं चाळा, भुकटी फेकून द्या, मधले दाणे ठेवा. वॅगनच्या मापाची लाकडी पट्टी काळी करून त्यावर फेविकॉल आणि दाणे, अशा बारा पट्ट्या झाल्या की बारा वॅगनी भरल्या. मधोमध थोडा उंचवटा ठेवा.

जमिनीला वावरातली काळी माती घेणार असाल तर चाळल्यावर तिच्यातून लोहचुंबक फिरवा. आपली माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, चुंबकाला मिशा फुटल्यासारखे चिकटतात. इंजिनच्या मोटरमध्ये चुंबक असतो म्हणे, मग ते कण तिथेच जाणार. माती टाकून झाली की निम्मं पाणी निम्मा फेविकॉल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरनं सोडा. साबण नसेल तर पाणी मातीवर गोळे होऊन बसतं, आत जिरत नाही.

डीपी_गेली (मारेगाव)

मंडप, लायटिंग, साउंड आपलं काम. लाइनचं टेन्शन घेऊ नका. तुमचं इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालते ना, मग मेनलाइन पाहिजेच कायले? ट्रॅक्टरची बॅटरी घ्या, १२ व्होल्टचीच असते. त्याच्यापुढं पीडब्ल्यूएमचा स्पीड कंट्रोलर लावा, दोन रूळ दोन कंट्रोलर, ऑनलाइन स्वस्तात भेटते, त्याच्यावर इंजिन हळू चालते अन् झटका मारत नाही. आरतीत लाइन गेली, सगळा मंडप अंधारात अन् तुमची मालगाडी हेडलाइट लावून फिरून राहिली, याच्यापेक्षा भारी काय पाहिजे.

पण फ्यूज!! बॅटरीच्या प्लसच्या अगदी जवळ, दोन अँपियरचा, दोन्ही कंट्रोलरले वेगळा. गाडी रुळावरून उतरली का शॉर्ट होते, अन् ट्रॅक्टरची बॅटरी शॉर्टमध्ये वायर लाल करते, ती काही मोबाइलचा चार्जर नाही. टेबलाखाली कापड झाकणार, अगरबत्ती जवळ लावणार, आग लागायले वेळ नाही लागत. अगरबत्ती टेबलापासून दूर.

रुळाच्या जोडावर भरवसा ठेवू नका, जोड सैल झाला का पलीकडं करंट पोचत नाही अन् गाडी त्याच जागी मरते. टेबलाखालून जाड वायर फिरवा अन् दर दोन-तीन तुकड्याले बारीक वायर सोल्डर करून वर आणा. रूळ पुसायले मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, सुती कापडानं रोज सकाळी. पाण्यानं पुसू नका, पॉलिश पेपर तर बिलकुल नाही, चरे पडता अन् त्याच चऱ्यात मळ बसते. मंडपात धूप-उदबत्तीचा चिकट थर रोज बसतेच, म्हणून रोज.

गर्दीचं. टेबलाच्या कडेला पारदर्शक प्लास्टिकची शीट उभी लावा, वीतभर उंच, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी कोणाचा तरी बाबू वॅगन घरी घेऊन जाईन. टेबल तीन फूट उंच, लहान पोट्ट्यायसाठी एक बाजूला लाकडी पाट ठेवा. अन् एक इंजिन अर्धा तास चाललं का थोडं थांबवा, बोट लावून पाहा, गरम लागलं तर आराम. तुमचं जुनं विलायती इंजिन दहा दिवस सलग नाही ओढणार.

साइडिंगवाले काका

थांबवायचंच असन तर सिग्नल लाल दाखवा. खऱ्या साइडिंगवर गाड्या चालता कमी अन् थांबता जास्त, लोकायले खोटं नाही वाटणार.

पऱ्हाटीवाला

वाचून वाचून वही भरली माझी. सगळ्यायचे मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. मंडळातल्या एका काकानं वाद घातला का खाणीच्या बाजूची वावरं पण दाखवा, कपाशीवर धूळ बसते ती दाखवा, रस्त्यानं कोळशाचे ट्रक जाता तो रस्ता दाखवा. दुसरे म्हणतात गणपतीच्या मंडपात हे कायले, वाद होईन, खाणीत नोकरी करणारे पण आपलेच आहेत. काय करावं?

फळा_आणि_खडू

दाखवा ना. रस्त्याच्या कडेच्या कपाशीवर कोळशाची भुकटी कोरड्या ब्रशनं झटका, जसजसं लांब जाल तसतशी कपाशी पांढरी. बोर्ड-बिर्ड लावू नका, भाषण लिहू नका. पाणी मारायचा टँकर पण ठेवा रस्त्यावर, तो पण खरा असतोच.

चिखला_जी

टँकर रिकामा दाखवा जी 😄

साइडिंगवाले काका

नोकरी केली म्हणून सांगतो, दाखवा. आमचं स्वतःचं वावर खाणीच्या मागंच होतं. पगारही तिथूनच आला अन् बोंडावर काळं पण तिथूनच. दोन्ही एकाच टेबलावर आहे म्हणून तर लोक येतीन पाहायले. पण एक काम करा, शिफ्ट सुटल्यावर टिफिन घेऊन सायकल-मोटारसायकलवर निघालेली माणसं पण ठेवा गेटवर. १:८७ मध्ये माणूस दोन सेंटीमीटरचा होते ना? काडीपेटीच्या काडीतून होईन.

उमरेड_लाईन

होतो. काडीचे दोन पाय, मेणाचं डोकं, रंग. हेल्मेट पिवळं.

एक गोष्ट आणखी, नंतर शाळेत न्यायचं आहे म्हणून. ८ बाय ४ चं एकच टेबल करू नका, मधून दोन भाग करा, ४ बाय ४ चे. दोन्ही एकावर एक ठेवून छोट्या हत्तीत बसतात. मध्ये लाकडाच्या चौकटी उंची देतील, नाहीतर वरच्या भागाचा सायलो मोडेल, किंवा सायलो आणि पूल वेगळे काढता येतील असेच करा. जोडायला ८ मिमीचे बोल्ट आणि विंग नट, पण बोल्टच्या भरवशावर रूळ जुळत नाही, भोकात मिलिमीटरभर ढील असतेच, म्हणून लाकडी किंवा पितळी डॉवेल (घट्ट बसणाऱ्या खुंट्या) दोन ठिकाणी बसवा. जोडावर रूळ तिरके कापू नका, सरळ कापा, आणि कापायच्या आधी दोन्ही बाजूंना पितळेचे स्क्रू प्लायमध्ये पिळून त्यांच्या डोक्यावर रूळ सोल्डर करा. मग कापा. ही ओळ सुताराला दोनदा वाचून दाखवा, आधी कापून मग सोल्डर केलं तर रूळ कधीच समोरासमोर येत नाहीत. आणि जोड वळणावर नको, सरळ भागातच.

वेगाचं पण सांगून ठेवतो. मालगाडी ताशी ३० च्या वेगानं दाखवायची तर टेबलावर सेकंदाला १० सेंटीमीटर सरकली पाहिजे, फूटपट्टी धरून बघा. पोरं दुप्पट वेगानं चालवतील, नॉबवर पेनानं खूण करून ठेवा.

पऱ्हाटीवाला

अध्यक्ष तयार झाले ४ फुटाले. अट एक, सायलोवर मंडळाचं नाव पाहिजे.

साइडिंगवाले काका

सायलोवर नको, वजनकाट्याच्या खोलीवर लिहा.